फ्रीडाचं दप्तर

करकोच्याचं पिल्लू हाताळलं की मेल्याचं सोंग घेतं, ही गोष्ट मी सासूबाईंना आधी सांगून ठेवायला हवी होती.

"गेलं की हो ते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

अग्निशमन दलाच्या शिडीवरून पिल्लू नुकतंच खाली आलं होतं. गवतावर पसरलेल्या चादरीवर ते मान टाकून, डोळे अर्धवट मिटून पडलं होतं. भोवती निम्मं गाव जमलं होतं. एका टेबलावर केक होता, कॉफीची किटली होती आणि टेबलामागे खुर्चीत माझी बायको वृंदा पोटावर हात ठेवून बसली होती. तिला आठवा संपत आला होता.

"मेलेलं नाही आई," मी म्हणालो. "सोंग आहे ते. शत्रू जवळ आला की ती अशीच पडून राहतात."

"इथं कोण शत्रू?"

"सध्या मी."

सासूबाईंनी मान डोलावली. हे उत्तर त्यांना पटल्यासारखं दिसलं.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. जर्मनीत एल्बे नदीच्या काठी एका छोट्या गावात आम्ही राहायचो. घर हेर (म्हणजे श्रीयुत) क्रूगर नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं. ते खाली, आम्ही वर. अंगणातल्या कोठाराच्या छपरावर करकोच्यांचं घरटं होतं. तिथली पिल्लं उन्हाळ्याच्या शेवटी उठायची आणि तुर्कस्तान, इजिप्त, सहाराचं वाळवंट पार करून थेट आफ्रिकेच्या पोटात जायची. ती कुठून जातात, कुठे थांबतात, किती जगतात, याचा माग काढणाऱ्या एका संस्थेत मी नोकरीला होतो.

आता हे काम फलटणला समजावून सांगणं सोपं नव्हतं. "जावई काय करतात?" असं कुणी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "पक्ष्यांवर पाळत ठेवतात," आणि लगेच चहा टाकायला उठायच्या. त्यांचा एक जावई साखर कारखान्यात इंजिनियर होता. त्याच्याविषयी विचारलं की चहा उशिरा व्हायचा.

माझ्याविषयी त्यांचं मत लग्नाच्या दिवशीच बनलं होतं. वृंदाच्या गालाला तीट लावून झाल्यावर कुणीतरी मावशी म्हणाली, "नवरदेवालाही लावा की थोडी." सासूबाईंनी काजळाची डबी हातात घेऊन मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे. दृष्ट लागण्यासारखं काही दिसत नाही." सगळा मांडव हसला. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. बरोबर डिंक, अळीव, खसखस, बाळंतशोपा, घरी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ आणि एक सरळ साधा प्रश्न घेऊन आल्या होत्या. तो त्यांनी पहिल्याच जेवणाला विचारला.

"फलटणला काय पक्षी नाहीत का?"

"आहेत की आई."

"मग त्यांच्यावर पाळत ठेवायला काय होतं?"

वृंदा ताटाकडे पाहून हसली. मला हसू येत नव्हतं, कारण प्रश्न चुकीच्या वेळी आला होता. माझा नोकरीचा करार डिसेंबरात संपत होता. तो वाढेल की नाही, ते सगळं एका यंत्रावर अवलंबून होतं.

ते यंत्र मी केलं होतं. करकोच्याच्या पाठीवर बसवायचं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. वर सूर्यप्रकाशावर वीज करणारी काचेची काळी पट्टी, आत छोटीशी बॅटरी. पक्षी कुठे आहे ते यंत्र टिपून ठेवायचं आणि वाटेत मोबाइलचा टॉवर लागला की आम्हाला कळवायचं. संस्थेची जुनी यंत्रं जड होती. मी बॅटरी अगदी लहान केली. माझं म्हणणं असं की आफ्रिकेच्या वाटेवर ऊन मुबलक असतं, मग पक्ष्यानं पाठीवर विजेचं ओझं का वाहावं? आमच्या प्रमुख, फ्राऊ डॉक्टर बेकर, ऐकून म्हणाल्या होत्या, "एक करून दाखवा. सहारा ओलांडून ते चालू राहिलं तर तुमचा करार तीन वर्षांनी वाढेल. नाही चाललं तर मला वाईट वाटेल." त्यांना वाईट वाटलं की माणसाला सामान बांधावं लागायचं.

तर ते एकुलतं एक यंत्र बसवण्याचा हा दिवस होता. बसवण्याआधी ते हातोहात फिरलं. हेर क्रूगरनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. फायर ब्रिगेडवाल्यांनी पाहिलं. फ्राऊ डॉक्टरांनी उन्हात धरून उलटसुलट केलं आणि "सुंदर" असं म्हणाल्या. त्या बाई हा शब्द वर्षातून एकदा वापरत. वृंदानं आईला त्याचा अर्थ सांगितला.

"पाठीला बांधायचं होय हे?" सासूबाईंनी मला विचारलं. "म्हणजे दप्तरच की."

"दप्तरच."

"आणि शाळा आफ्रिकेत."

मी पिल्लाच्या पंखांखालून पट्टे घेऊन दप्तर पाठीवर बसवलं. पिल्लू निपचित. नाव ठेवायचा मान घरमालकाचा; हेर क्रूगरनी आपल्या दिवंगत बायकोचं नाव दिलं, फ्रीडा. मग ते वृंदाकडे बघून मिश्किलपणे काहीतरी म्हणाले. वृंदानं भाषांतर केलं, "ते म्हणतायत, आमच्याकडे करकोचेच बाळं आणून देतात. मग तू घरट्याखालीच राहतेस, तुला काळजी कसली?"

"इतकं सोपं असतं तर मी कशाला आले असते एवढ्या लांब, ते विचार त्यांना," सासूबाई म्हणाल्या. हेर क्रूगर भाषांतराची वाट न बघताच हसले. त्या दोघांचं पहिल्या आठवड्यापासूनच असं होतं. ते जर्मनमध्ये बोलायचे, त्या मराठीत, आणि कुंपणापाशी अर्धा तास सहज जायचा.

वजन करायला पिशवी आणि काटा आणायला मी गाडीकडे गेलो. बाकीची मंडळी तोवर केककडे वळली होती. परत आलो तर पिल्लापाशी सासूबाई एकट्याच उकिडव्या बसल्या होत्या आणि पदराच्या टोकाला बोट पुसत होत्या. मला वाटलं पिल्लानं घाण केली असणार. करकोच्याची पिल्लं त्या बाबतीत समोरच्याचं वय बघत नाहीत.

"आत जाऊन हात धुवा आई," मी म्हणालो.

"धुते," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

वजन झालं, पिल्लू शिडीवरून पुन्हा घरट्यात गेलं, थोड्या वेळानं काही झालंच नाही अशा थाटात उठून उभं राहिलं. खाली टाळ्या वाजल्या. त्या संध्याकाळी माझ्या फोनवर फ्रीडाचा पहिला ठावठिकाणा आला, आमच्याच कोठाराच्या छपराचा. मी तो सासूबाईंना दाखवला. त्यांनी खिडकीतून छपराकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं.

"हे तर असंही दिसतंय," त्या म्हणाल्या.

जुलैत आमची मुलगी झाली. दोन किलो नऊशे, डोक्यावर भरपूर जावळ आणि आवाज खणखणीत. सासूबाईंनी घराचा ताबा घेतला. सकाळी तेल लावून आंघोळ, मग शेक, मग गालावर आणि तळपायाला तीट. दवाखान्यातून येणारी नर्स त्या काळ्या ठिपक्यांकडे संशयानं पाही. तिनं एकदा ते पुसायचा प्रयत्न केला तर ठिपका नुसताच पसरला आणि बाळाचा सगळा गाल काळा झाला. सासूबाईंना त्याचा आनंद झाल्यासारखा वाटला.

मी घरात बाप होतो आणि कचेरीत चिंताग्रस्त. कारण फ्रीडाच्या दप्तराची बॅटरी पहिल्या आठवड्यापासूनच थोडी थोडी उतरत होती. ऊन लख्ख पडायचं. दिवस मोठे होते. पिल्लू दिवसभर उघड्या छपरावर बसायचं, आणि तरी दप्तर भुकेलंच. मी कागदावर पुन्हा पुन्हा हिशेब केला. प्रत्येक वेळी उत्तर येई की असं होऊच शकत नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर काळी पट्टी जागेवर होती, तुटलेली नव्हती, पिसांनी झाकलेली नव्हती.

ऑगस्टच्या मध्यावर एका सकाळी घरटं रिकामं दिसलं. हेर क्रूगर अंगणात टोपी हातात घेऊन उभे होते. मग फोनवर एकेक देश येऊ लागला. पोलंड, रुमेनिया, बल्गेरिया. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी नकाशा लावला होता. सासूबाई कणीक मळता मळता विचारायच्या, "आज कुठं?" आणि मी लाल टाचणी टोचायचो. एकदा माझ्याकडून टाचणी टोचायची राहिली तर कणकेच्या हातानं त्यांनीच टोचली आणि बल्गेरियाला पीठ लागलं.

"एकटीच जातीय?" त्यांनी विचारलं.

"थव्याबरोबर. पण आईबाप वेगळे जातात. वाट कुणी शिकवत नाही."

"परत कधी येते?"

"पहिली दोन-तीन वर्षं येतच नाहीत. तिकडेच राहतात."

त्यांनी नकाशावरच्या टाचण्यांकडे एकदा पाहिलं. बाळ रडायला लागलं म्हणून उठल्या.

मग तुर्कस्तानच्या दक्षिण टोकाला दप्तर गप्प झालं. टॉवर नसेल म्हणून एखादा दिवस शांतता असते, ते मी धरून चाललो होतो. पण तिथे पुढे टॉवरच टॉवर आहेत. बॅटरीचा शेवटचा आकडा इतका खाली होता की तो पाहून मला कळायचं ते कळलं. यंत्र बंद पडलं होतं, किंवा फ्रीडा मेली होती, किंवा दोन्ही. यातलं काय झालं असावं असं मला वाटत होतं, ते मी हेर क्रूगरना सांगू शकत नव्हतो. रोज सकाळी जिन्यात ते बोटानं वर आकाशाकडे दाखवून भुवया उंचवायचे आणि मी मान हलवायचो.

फ्राऊ डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. "ऑक्टोबर अखेरपर्यंत थांबू," त्या म्हणाल्या. "मला फार वाईट वाटतंय." झालं, वाईट वाटायला सुरुवात झाली होती.

घरी येऊन मी वृंदाला सांगितलं. ती बाळाला पाजत होती. "जाऊ मग परत," ती म्हणाली. "त्यात काय." पण तिनं मान वर केली नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी मनात म्हटलं, चला, कुणाला तरी बरं वाटेल. फलटणचे पक्षी वाट बघतायत.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप उघडा ठेवून टेबलाशी बसलो होतो. पडद्यावर तुर्कस्तान आणि त्याच्या टोकावर शेवटचा ठिपका. सासूबाई आल्या. त्यांच्या उजव्या मुठीत काहीतरी होतं.

"श्रीरंगराव, जरा बाजूला व्हा."

"काय झालं?"

"व्हा तर खरं."

मी उठलो. त्यांनी लॅपटॉपवरून मूठ ओवाळायला सुरुवात केली. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, पाहणाऱ्याची, सुंदर म्हणणाऱ्याची." शेवटचा शब्द त्यांनी जरा दाबून म्हटला. फ्राऊ डॉक्टरांचा नंबर लागला होता. मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी सगळी मूठ तापलेल्या तव्यावर टाकली.

फलटणच्या घराला खिडक्या, झरोके, मागचं दार असतं. आमच्या जर्मन स्वयंपाकघराला एक बंद खिडकी होती आणि छताला धुराची सूचना देणारं यंत्र. ते अशा आवाजात ओरडायला लागलं की बाळही दचकून सुरात सूर मिळवू लागलं. मी खुर्चीवर चढून ते बंद करू लागलो, खोकल्यानं माझा हात त्याच्यापर्यंत पोचेना. दार उघडून हेर क्रूगर आत आले, हातात आग विझवण्याचं नळकांडं, आणि आत येताच तेही दाराला धरून खोकू लागले. वृंदा बाळाला शालीत गुंडाळून जिन्यात पळाली. दोन मिनिटांत खिडकी उघडली, तवा खिडकीबाहेरच्या कठड्यावर गेला आणि आम्ही तिघं डोळे पुसत स्वयंपाकघरात बसलो.

हेर क्रूगरनी तव्यावरच्या मिरच्यांकडे बघितलं आणि मला विचारलं, "हे जेवण आहे का?"

"औषध आहे," मी म्हणालो.

ते सहानुभूतीनं मान हलवून खाली गेले.

सासूबाई मात्र विचारात पडल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा कोडं सोडवत असल्यासारखा.

"ठसका लागला," त्या म्हणाल्या.

"लागला म्हणजे काय आई, मेलो असतो."

"तसं नव्हे. दृष्ट असती तर ठसका लागला नसता. मिरच्या नुसत्या जळून गेल्या असत्या. लागला, म्हणजे दृष्ट नव्हतीच."

"नव्हतीच ना. मी तेच म्हणतोय."

"असणार कशी?" त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "तीट लावली होती की मी."

मला वाटलं त्या बाळाविषयी बोलतायत. मी तवा घासायला घेतला आणि मग माझा हात थांबला.

"कुणाला लावली होती?"

"दप्तराला."

"कुठे?"

"वरती. काचेला. कोपऱ्यात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एवढीशी. पिल्लाला लावणार होते, पण ते मेल्यासारखं पडलेलं, हात लावायचा धीर होईना. आणि तसंही सगळ्यांचा डोळा त्या दप्तरावरच होता."

मी खाली बसलो. काळ्या काचेवर काळं काजळ, दुर्बिणीतून काय दिसणार. त्या पट्टीचे काचेचे तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. एका तुकड्यावर सावली पडली की पुढच्या सगळ्यांची वीज अडते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. उन्हाचा हिशेब मी किती वेळा केला होता. सासूबाईंचा हिशेब त्यात धरायचा राहिला होता.

"का? काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, म्हणजे फार शांतपणे नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं काहीतरी म्हणालो. नोकरी, घर, तीन वर्षांचं काम, सगळं एका ठिपक्यापायी, असंही म्हणालो. त्या ऐकत राहिल्या. पदर नीट केला, पुन्हा नीट केला.

"मग ते जाणार नाही का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पावसानं जाईल कदाचित."

"पाण्यानं नाही जायचं. एरंडेलाचं आहे." हे त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. घरच्या काजळाचा एरवी त्यांना किती अभिमान. "तेलकट काळं ते. त्याला राख लागते, नाहीतर माती."

"वाटेत राख कुठली मिळणार?"

"माती?"

मी नकाशाकडे पाहिलं. "वाळवंट आहे पुढे. जिवंत असेल तर."

"मग जिवंत असू दे," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातला तवा घेऊन त्यांनी तो स्वतःच घासला.

पुढचा आठवडाभर आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे वागलो. रागावणार तरी कुणावर, आपलेच दात, आपलेच ओठ. मी वृंदापाशी मात्र फुणफुणलो. "त्यांना तर हवंच होतं आपण परत यावं. बघ, झालं मनासारखं."

वृंदानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "आईनं आजवर कशाकशाला तीट लावलीय, माहितेय?" ती म्हणाली. "मला, ताईला, आता हिला. आणि बाबांनी पहिला ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्याला. नवीन घर बांधलं, त्यालाही नाही लावली. म्हणाली, घर काय, सगळेच बांधतात."

मला तेव्हा ते नीट समजलं नाही. ट्रॅक्टरच्या रांगेत बसवल्याचा थोडा अपमानही वाटला.

सप्टेंबरात त्यांना विमानतळावर सोडलं. हेर क्रूगर फुलं घेऊन आले होते. सासूबाईंनी बाळाला शेवटची तीट लावली, डबी बंद केली आणि मला म्हणाल्या, "येते." एरवी त्या म्हणायच्या, "या आता तुम्हीच तिकडं." या वेळी म्हणाल्या नाहीत.

ऑक्टोबर सरत आला. मी भारतातल्या दोन-तीन ठिकाणी अर्ज टाकले होते. झाडांची पानं गळून गेली होती आणि वृंदानं पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली होती. एका दुपारी मी कचेरीत चहा घेत होतो तेव्हा फोन थरथरला.

सुदान.

वाळवंटाच्या दक्षिणेला, एका छोट्या गावाजवळची शेतं. मी कप खाली ठेवला. फसवणारा एखादा खोटा आकडा असेल म्हणून वाट पाहिली. दुसरा ठावठिकाणा आला, पहिल्यापासून थोडा पुढे. म्हणजे चालत होती. बेडूक, टोळ, काहीतरी वेचत चालली होती. आणि त्या ओळीच्या शेवटी बॅटरीचा आकडा. भरलेली. काठोकाठ.

फ्राऊ डॉक्टरांनी तो आकडा तीनदा पाहिला. "मधले आठवडे काय झालं होतं?"

"काचेवर घाण बसली होती, असं वाटतं," मी म्हणालो. "सहारातल्या वाळूनं घासून निघाली असणार."

"कसली घाण?"

"तेलकट."

त्यांनी विचार केला. "म्हणजे काच झाकली गेली, बॅटरी संपली, आणि तरीही ऊन मिळताच तुमचं यंत्र आपोआप उठून उभं राहिलं." त्या पुन्हा यंत्राच्या चित्राकडे पाहू लागल्या. "अशी परीक्षा तर आपण ठरवूनही घेतली नसती." घोडं एकदाचं गंगेत न्हालं. करार तीन वर्षांनी वाढला. जिन्यात हेर क्रूगर भेटले तेव्हा त्यांनी बोट वर करायच्या आत मी त्यांना फोन दाखवला. त्यांनी मला मिठी मारली आणि मग लाज वाटल्यासारखं टोपी शोधू लागले, ती डोक्यावरच होती.

घरी आल्यावर वृंदानं खोक्यांतली पुस्तकं काढायला घेतली आणि मी फलटणला फोन लावला.

"आई, सापडली. सुदानमध्ये आहे. दप्तर चालू झालं."

"निघालं काजळ?"

"निघालं. मातीनंच."

"मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "मग आता? नोकरी?"

"वाढली. तीन वर्षं."

शिट्टी पुन्हा झाली. त्यांनी गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"चांगलं झालं," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी चालायला लागेल तोवर. तिला फोटोतच बघायचं आता."

आणि त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलं, जे इतके दिवस आलं नव्हतं.

"आई, एक विचारू? दप्तर चाललं तर आम्ही इथेच राहणार, नाही चाललं तर परत येणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं की. वृंदानं आल्या आल्याच सांगितलं होतं."

"पिल्लू खाली आणलं त्या दिवशीही?"

"हो."

"आणि तरी तीट लावलीत?"

"अहो, मग काय करणार," त्या जरा चिडूनच म्हणाल्या, एखाद्या मठ्ठ पोराला सांगावं तसं. "तुम्ही रात्रंदिवस डोळ्यात तेल घालून केलेलं. सगळं गाव टक लावून बघत होतं. दप्तर चांगलं झालं होतं हो. दृष्ट लागण्यासारखं झालं होतं."

मी फोन वृंदाकडे दिला आणि खिडकीशी जाऊन रिकाम्या घरट्याकडे बघत उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि या वेळी मिरच्या नव्हत्या.

"आई काय म्हणतेय ऐक," वृंदा फोन बाजूला धरून म्हणाली. "काजळाची नवी डबी पाठवतेय. म्हणाली, पुढच्या दप्तराला लावायचं तर खालच्या अंगाला लावा."

आमची लेक आता सातवीत आहे आणि फ्रीडा चौथ्या वर्षी परत येऊन पलीकडच्या गावातल्या चर्चवर राहू लागली. तिच्यानंतर मी केलेली बरीच दप्तरं आफ्रिकेला जाऊन आली. प्रत्येकाच्या खालच्या बाजूला, जिथे ऊन पोचत नाही, तिथे एक काळा ठिपका असतो. तो कसला, असं फ्राऊ डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं. वस्तू चांगली झाल्याची खूण आहे, असं मी सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केलं.